मोठी जोडी

“लहान जोडी घेऊ नका,” म्हातारबुवा तिसऱ्यांदा म्हणाले. “पस्तावाल.”

मुद्रितशोधक पुन्हा गोंधळला. सहा महिने तो स्पीकर शोधत होता. दुकानदार दोन जोड्या ऐकवायचा, आणि हा तिसरीच मनात घेऊन घरी परतायचा. घरी अ‍ॅम्प्लिफायर केव्हाचा येऊन पडला होता. बायको त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागली होती आणि नवऱ्याला त्रिशंकू म्हणू लागली होती. आज निघताना तिनं बजावलं होतं, “हात हलवत परत आलात तर तो डबाही विकून टाकीन.”

जाहिरात दोनच ओळींची होती. वापरलेल्या स्पीकरच्या दोन जोड्या, एक मोठी, एक लहान. मोठी घेणाऱ्यास प्राधान्य.

तिसऱ्या मजल्यावरची खोली नीटनेटकी होती. गालिचा, पुस्तकं, मधोमध एकच आरामखुर्ची. मोठे स्पीकर दोन कोपऱ्यांत कमरेइतके उंच उभे होते, लहान जोडी फळीवर होती. दिवा लावायला गेलेल्या म्हातारबुवांनी आधी पंखा लावला, मग बाहेरचा दिवा. वय झालं, मुद्रितशोधक मनात म्हणाला. आपले वडीलही असेच चाचपडतात.

“तुम्हीच लावा,” म्हातारबुवा म्हणाले. “तुम्हाला सवय आहे.”

त्यानं आधी लहान जोडी ऐकली. गाणारी बाई जणू समोर बसून गात होती. मग मोठी लावली. बाई जरा मागं सरकली, पण जमीन गुणगुणायला लागली आणि छाती भरून आली. दोन्ही आवडल्या, म्हणजे पंचाईतच! घरची खोली लहान जोडीच्या मापाची, आणि मन मोठीत अडकलेलं.

“आता ऐका हं,” म्हातारबुवांनी बोट वर केलं. “आला... हा! इथं कपाटातले पेले किणकिणतात.”

मुद्रितशोधकानं इकडंतिकडं पाहिलं. पेले कुठं दिसले नाहीत. स्वयंपाकघरात असतील.

“फार ऐकलेलं दिसतंय तुम्ही, काका.”

“बारा वर्षं. सकाळी साडेसहाला हे. रविवारी ते ढोलांचं. एक दिवस खाडा नाही. तोंडपाठ झालंय.”

“मग या कडव्यात ती काय म्हणते हो? मला शब्द नीट लागत नाहीत.”

म्हातारबुवा गडबडले. “शब्द आहेत का यात?”

मुद्रितशोधकाला भरून आलं. खरा दर्दी! शब्दांच्या पार गेलेला माणूस.

“मग विकता कशाला?”

“ही आजारी असते. डॉक्टर म्हणतात, झोप हेच औषध. आणि हा आवाज तिच्या उशीत शिरतो हो. बरं, तुम्ही राहता कुठं?”

“नदीपलीकडे.”

“लांब ना?”

“तासभर लागतो.”

म्हातारबुवांचा चेहरा उजळला. “मग मोठीच घ्या. लहान बिचारी निरुपद्रवी आहे.”

निरुपद्रवी? स्पीकरला असा शब्द त्यानं आजवर वाचला नव्हता. त्यानं बायकोला फोन लावला.

“मोठे घेऊ की लहान?”

“उचलता येतील ते घ्या आणि या एकदाचे!”

“मोठे घेतो,” तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं काहीतरी ठरवलं होतं.

पैशांचं पाकीट म्हातारबुवांनी हातात घेतलं नाही. “तिथं टेबलावर ठेवा. वर काहीतरी वजन ठेवा, उडायला नको.”

विचित्रच होतं सगळं. पण माणूस सज्जन, यात शंका नव्हती. दुसरा असता तर घासाघीस केली असती.

दोघांनी एकेक स्पीकर धरून खाली आणला. म्हातारबुवांना धाप लागली होती, पण “थांबूया का?” म्हटलं की ते आणखीच भराभरा उतरायचे. रस्त्यावर भाड्याचा टेम्पो उभा होता. स्पीकर चढले, दोरी आवळली गेली. मुद्रितशोधकानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

“काका, काकूंना बरं वाटू दे. आणि ऐकावंसं वाटलं तर घरी या. तुमचेच आहेत ते.”

“नको, नको,” म्हातारबुवा घाईघाईनं म्हणाले. “निघा तुम्ही.”

तेवढ्यात टेम्पोमागं एक टॅक्सी थांबली. प्रवासाची मोठी बॅग ओढत एक तरुण बाई उतरली आणि हसत पुढं आली.

“काका, काम लवकर संपलं, चार दिवस आधीच आले. माझ्या घराची किल्ली द्या ना. आधी वर जाऊन गाणं लावते, कान नुसते आसुसलेत.” मग तिची नजर टेम्पोत गेली. “अय्या! अगदी माझ्या स्पीकरसारखेच!”