पाठीवरचे चिमटे

पाचोऱ्याच्या सुनंदाबाई खास जाड बायकांसाठी कुर्ते शिवत. ऑनलाइन दुकानावर टाकायला कुर्त्यांचे फोटो काढायचे म्हणून जळगावहून फोटोग्राफर अतिक आला, तो काडीसारखी मॉडेल घेऊनच. तिच्या अंगावर कुर्ता लोंबायला लागला, तसे त्यानं पाठीमागून बारा चिमटे लावून तो चापूनचोपून बसवला.

"पुढून काही कळत नाही, अक्का."

"मग पार्सलात चिमटेही घालू का?"

सुनंदाबाईंनी एकेक करून सगळे चिमटे काढले, पोरीला चहा दिला आणि तोच कुर्ता घालून स्वतः दिव्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

अतिकनं कॅमेरा डोळ्याला लावला. "जरा तिरक्या व्हा, अक्का. बारीक दिसाल."

"समोरून काढ. लग्नापासूनच्या बठ्ठ्या फोटोंत तिरकीच उभी आहे मी."