व्याह्यांची पाहणी

"तुमचा प्लांट बघायचाय," होणारे व्याही म्हणाले, आणि ऑपरेटरचा चहा बशीत सांडला.

चूक बायकोची, असं ऑपरेटरचं म्हणणं. मुलीला स्थळ आलं तेव्हा "हे पाणीपुरवठ्यात आहेत" असं तिनेच ठोकून दिलं होतं. चौदा वर्षं गावाचं सांडपाणी स्वच्छ करून नदीत सोडणाऱ्या माणसाबद्दल दुसरं काय सांगायचं, हा तिचा सवाल. समोरची माणसं तालेवार. पलीकडच्या शहरात त्यांचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना होता. बारा वर्षं ते कुठल्याशा झऱ्याचं पाणी विकत होते. झरा नेमका कुठे, हे व्याही कुणाला सांगत नसत. धंद्याचं गुपित.

मुलगा आणि मुलगी एकमेकांना पसंत होते. मुलगी तर घरभर गुणगुणत फिरायची. तिचा पडलेला चेहरा बघायची ऑपरेटरमध्ये हिंमत नव्हती.

त्याने डोकं चालवलं. मुख्य फाटकातून नेलं असतं तर पहिल्याच जाळीपाशी, जिथे अख्ख्या गावाच्या मोऱ्यांतला ऐवज अडकतो, लग्न मोडलं असतं. म्हणून त्याने व्याह्यांना मागच्या दाराने आत घेतलं. तिथे शेवटची टाकी, चार फुलझाडं, भिंतीतून नदीत पडणारी नितळ धार आणि धारेखालून पलीकडच्या काठाकडे गेलेला एक निळा पाइप. वास म्हणाल तर ओल्या मातीचा. खरं तर त्याला या धारेचा केवढा अभिमान होता, आणि आज नेमकं तिच्यासमोर उभं राहून खोटं बोलायचं होतं.

"त्या फेसाळ टाकीत काय चाललंय?" व्याह्यांनी लांबून विचारलं.

"हवा सोडतोय. पाण्यालासुद्धा मोकळी हवा लागते."

व्याह्यांनी जाणकारासारखी मान डोलावली. मग ते पायऱ्या उतरून थेट काठावर गेले, धारेखाली ओंजळ धरली आणि तोंडाशी नेली.

ऑपरेटरने धावत जाऊन त्यांचं मनगट पकडलं. "पिऊ नका."

"का?"

"हे नदीत सोडायचं पाणी आहे, प्यायचं नाही. गावातल्या प्रत्येक मोरीचं, प्रत्येक संडासाचं पाणी आहे हे. मी ते साफ करतो. खाली मासे जगतात, माझं काम तेवढंच. बायको खोटं बोलली आणि मी गप्प बसलो. पण माझ्या पोरीचा यात काही दोष नाही हो."

ओंजळ सुटली. व्याही नदीकडे एकटक बघत राहिले आणि मग मटकन दगडावर बसले.

"किती वर्षं चाललंय हे?"

"चौदा. उन्हाळ्यात नदी आटते, पण धार थांबत नाही."

व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, ऑपरेटरच्या मनात आलं. आता घरी जाऊन मुलीला काय सांगायचं, याचीच तो जुळवाजुळव करू लागला. त्याला रडू येत होतं.

"ही धार इथून येते, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघा-तिघांना. इकडे कोण कशाला येतंय? आणि पलीकडच्या काठावरून झाडांमुळे भिंत दिसत नाही."

"नाही दिसत," व्याही खोल आवाजात म्हणाले.

मग ते उठले. त्यांनी ओल्या हातांनी ऑपरेटरला कडकडून मिठी मारली, आणि बराच वेळ सोडली नाही.

"व्याहीबुवा, लग्न याच महिन्यात उरकून टाकू. ही गोष्ट आता घरातल्या घरात राहायला हवी. धारेखालून पलीकडे जाणारा तो निळा पाइप तुम्हाला आजवर कुणा शेतकऱ्याचा वाटला असेल. तो आमचा आहे."