मानेवरची रेघ

सिंहाच्या मानेवरची रेघ वाकडी गेली होती. आयाळीतून नीट निघाली होती, पण गळ्यापाशी थरथरली आणि शेवटी शाईचा ठिपका पडला होता.

उस्ताद बद्राननं पान खिडकीकडे तिरकं धरलं. "ही कुणी मारली?"

"मी," मुईन म्हणाला. "पुढं हात चालेना."

दमास्कसमधल्या या घरात बद्राननं वर्षानुवर्षं जेवणं झोडली होती. मुईनच्या वडिलांसाठी हे पुस्तक त्यानंच रंगवलं होतं. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी, पानोपानी चित्रं. आता वडील गेले होते आणि मदरशातून शिकून आलेल्या मुईननं आईला सांगितलं होतं, की जिवांची चित्रं धर्माला मंजूर नाहीत, ती घरात नकोत, पानं धुऊन टाकू. आईनं अन्न सोडलं. शेवटी मुईनच्या गुरूंनीच तोड काढली. प्रत्येकाच्या गळ्यावर रेघ मारा. गळा कापलेलं जनावर जिवंत धरत नाहीत. मग राहू दे पुस्तक.

"म्हणून तुम्हाला त्रास दिला," मुईनची आई, तुरफा खातून म्हणाली. "तुमचा हात सरळ चालतो."

"माझीच जनावरं, मीच कापायची," बद्रान म्हणाला. "ठीक आहे. हाल करून मारण्यापेक्षा बरं."

मुईनचा चेहरा उतरला. "मला काय हौस आहे, उस्ताद? हे बाबांनी करून घेतलं. तिकडं त्याचा जाब त्यांना द्यावा लागत असेल. झोप लागत नाही मला."

चित्रं काढावीत की नाहीत या वादात बद्रानच्या उमेदीची वर्षं गेली होती. आता त्याला पाठीशी एक उशी तेवढी हवी होती. ती खातूननं आणून दिली. त्यानं बोरू शाईत बुडवला. मुईननं तळहातानं पान दाबून धरलं.

कोल्हा. ससा. मान उंचावून पाणी पिणारा बगळा. बद्रान बारीक रेघा मारत गेला, केसाएवढ्या. लांबून पाहणाऱ्याला दिसूही नयेत अशा. तरी प्रत्येक रेघेला खातून मान फिरवत होती.

"याला मान कुठाय?" कासवापाशी मुईन थबकला.

"आत ओढून घेतलीय," बद्रान म्हणाला. "आपल्यात तेवढं एकच शहाणं."

खातूनला हसू आलं. तिनं ते ओढणीआड लपवलं.

पुढच्या पानावर बैल होता. मित्राच्या, सिंहाच्या पायाशी आडवा पडलेला. चहाड्यांवर विश्वास ठेवून सिंहानं त्याला फाडलं होतं, आणि आता तो नुसता बघत उभा होता. बद्राननं सिंहाच्या गळ्यावर रेघ मारली. बैलापाशी त्याचा बोरू थांबला.

"हा तर मेलेलाच आहे. याचं काय करू?"

गुरूंनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"तुझे बाबा हे पान कधी वाचायचे नाहीत," खातून हळूच म्हणाली. "दोन पानं एकदम उलटायचे. तू लहान होतास. एकदा इथं फार रडलास, जेवलाच नाहीस. तेव्हापासून ते तुला सांगायचे, बैल कुरणात चरायला गेला."

मुईन चित्राकडे बघत राहिला. बैलाचा डोळा उघडा होता. मुईनचा हात पानावरून सरकला आणि बैलावर येऊन थांबला. त्याखाली बैलाची मान पूर्ण झाकली गेली.

बोरूच्या टोकावरची शाई वाळत आली. बद्रानचे गुडघे ठणकत होते. त्यानं मुईनला हात उचलायला सांगितलं नाही. पुढच्या पानावर कावळे होते, थवाच्या थवा, आणि त्या सगळ्यांना माना होत्या.