दुपारची वीज

“काकू, परत अचानक वीज गेली होती ना?” जिन्याखालच्या कपाटात डोकं खुपसून बसलेल्या कॉम्प्युटरवालीने विचारलं. “डबा लिहीत असतानाच बंद पडलाय. बुधवारच्या दुपारचं रेकॉर्डिंग गेलं.”

काकूंचा चेहरा उतरला. “परत नाही मिळणार?”

“नाही.”

डबा म्हणजे काकूंच्या मुलाने बसवलेला घरचा सर्व्हर. सगळे जुने फोटो त्यात, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसेल, ऐकू येईल तेही त्यातच. मुलगा चांगला सहा फूट उंच, पण घरात नाव टिल्लू. त्याने परस्पर लग्न ठरवलं, बापलेकांचं कडाक्याचं वाजलं, आणि टिल्लू बॅग उचलून गेला तो गेलाच. फोन नंबरसुद्धा बदलला.

तेव्हापासून काकू चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायच्या आणि आदल्या दिवशीचं फाटक भरभर पुढे सरकवत बघायच्या. दूधवाला, मांजर, जाहिरातीचे कागद टाकणारा. टिल्लू फाटकापर्यंत येतो आणि बापाच्या धाकाने मागे फिरतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. आणि येतो तो नेमका वीज नसताना! दुपारी काकू पडदे शिवायला दुकानात जात. मेली वीजही तेव्हाच जायची.

“यूपीएस लावून टाकू,” कॉम्प्युटरवाली म्हणाली. “डबा, कॅमेरा, सगळं बॅटरीवर चालेल. बॅटरी उतरायला लागली की डबा आपला आपण नीट बंद होईल. मध्येच तुटायचं नाही काही.”

काकूंनी हा विषय काकांपुढे काढून पाहिला होता. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले होते, “कशाला नसती उठाठेव? ज्याला यायचं तो बेल वाजवेल.”

त्यावरून काकूंनी अबोला धरला होता. माणसाचं काळीज आहे की दगड? भांडणाच्या दिवसापासून काकांनी पोराचं नावसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं. म्हणून तर आज काका डोळे तपासायला गेल्याचं बघून काकूंनी या मुलीला गुपचूप बोलावलं होतं.

“वीज गेली की हा ओरडतो बरं का,” यूपीएस कपाटात सरकवत ती म्हणाली.

“त्याचं तोंड तेवढं बंद कर बाई. ह्यांना कळायला नको.”

तिने हसत ओरडणं बंद केलं, आणि भिंतीतला प्लग उपटला. डब्याचे दिवे लुकलुकतच राहिले. कितीतरी दिवसांनी काकूंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पुढच्याच आठवड्यात त्या दुकानातून परतल्या, तर काका पायरीवर बसलेले. डोळे लालभडक.

“थेंब घातलेत,” काका म्हणाले. “दुपारी वीज गेली होती.”

काका आंघोळीला जाईपर्यंत काकूंनी कसाबसा दम धरला. मग लॅपटॉप उघडला. या वेळी दुपार अख्खी होती.

फाटकाशी एक तरुण बाई उभी होती. कडेवर लहान पोर. काका घरातून जवळजवळ पळतच आले. पोराने त्यांच्याकडे झेप घेतली. काकांनी त्याला छातीशी धरलं आणि त्याच्या केसांत नाक खुपसलं. पोराचे कान थेट टिल्लूचे, बाहेर आलेले.

काकूंचा हात तोंडावर गेला. नातू! बाईच्या मागे टिल्लू कुठे दिसतोय का, म्हणून त्या स्क्रीनवर वाकल्या. आवाज वाढवला.

“दर वेळी मेन स्विच पाडून किती दिवस भेटणार आम्हाला, बाबा?” ती बाई डोळे पुसत म्हणत होती. “ह्यांचं वर्षश्राद्ध येईल आता. आईंना सांगून टाका.”

काकांनी पोराच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

“सांगेन,” ते म्हणाले. “अजून थोडे दिवस तिला टिल्लूची आई राहू दे.”