तिसरा कौल

आक्काने डोळे मिटून हात जोडले, तोच घरामागच्या गोडाऊनच्या गेटात कंटेनर मागे येऊ लागला. रिव्हर्सचा हॉर्न पीं-पीं करत राहिला. हमाल ड्रायव्हरला हाका घालू लागले. आक्काने डोळे उघडले.

आजचा सहावा दिवस. सकाळी देवघरापुढे बसायचं, देवीला विचारायचं, आणि उत्तर कानी पडायच्या आत कुठला तरी आवाज मधे कडमडायचा. काल भारनियमनात जनरेटर धडधडला. परवा कुकरच्या शिट्ट्या. तिने कानात कापूस घालून पाहिला, तर स्वतःचाच श्वास घुमायला लागला.

"या पूर्णा गावात आता देव तरी कसा राहत असंल," ती पुटपुटली आणि पाट आदळून उठली.

प्रश्न सुनेचा होता. आक्काचा मुलगा मनोज काविळीने गेला त्याला चार वर्षं झाली. त्याची बायको भाविका माहेरी परतली नाही, आक्कापाशीच राहिली. गोडाऊनमधे चेकिंगचं काम करायची, घरी येऊन भाकऱ्या थापायची. गेल्या रविवारी वळ गावची गोदूबाई आली. तिचा भाचा हितेश भाविकाच्याच गोडाऊनमधे सुपरवायझर. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. त्याने भाविकाला मागणी घातली होती. चहाचे कप उचलता उचलता भाविका एवढंच म्हणाली, "आक्का सांगतील तसं." गोदूबाईला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. आणि आज शनिवार उजाडला होता.

घरी जमेना म्हणून आक्का पदर खोचून गावदेवीच्या देवळात गेली. पण देवळाला लागूनच आता ट्रक उभे राहत. पायरीवर दोन ड्रायव्हर मोबाईलवर गाणी लावून बसले होते. आक्काने त्यांना हाकललं. ते गेले, तर समोर कुणी तरी लोखंडी शटर ओढलं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पंढरी, कौल लाव," ती पुजाऱ्याला म्हणाली. "मना काय ऐकू येत न्हाय इथं."

पंढरीने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आक्का पापणी न हलवता बघत बसली. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी घरंगळली.

"गाडीनं हादरली ती," आक्का म्हणाली. "तो कौल धरू नको."

पंढरीने पुन्हा लावला. या वेळी रस्त्यावर गाडी नव्हती. तरी उजवीच पडली.

"उजवीला पाणी कमी लावलंस तू. परत लाव."

पंढरीने पाकळ्यांची वाटी बाजूला सारली. "देवी दोनदा बोलली, आक्का. तिसऱ्यांदा लावला तर तो कौल तुझा, तिचा न्हाय."

आक्का उठून घरी निघाली. एरवी वाटेत ती ट्रकवाल्यांना शिव्या हासडायची, आज तिचं तिकडे लक्षच नव्हतं. डोळ्यांपुढे फक्त घर येत होतं. एकच ताट, एकच अंथरूण, आणि दिवेलागणीला दार लोटून आत येणारं कुणी नाही.

भाविका कामावर जायच्या तयारीने दारातच उभी होती. सासूचा उतरलेला चेहरा पाहून तिनेच विषय संपवला.

"मी गोदूमावशींना फोन करून नाही सांगते. तुम्ही सहा दिवस धड जेवला न्हाय, आक्का. देवी बोलत न्हाय म्हणजे तिच्या मनात नसंल."

तिने नंबर लावायला घेतला. आक्काने तिच्या हातातला फोन काढून घेतला, उंबऱ्यावर बसली आणि तिला शेजारी बसवलं.

"देवी पहिल्याच सकाळी हो बोलली, पोरी," ती म्हणाली. "तवा बाहेर एक गाडी न्हवती. त्यानंतर मीच रोज आवाजाची वाट बघत बसायची."