तळ्याअलीकडचा बाक

"ताईकडे कसं, तळमजला आहे," धाकटा म्हणाला. "आईच्या गुडघ्यांना तेच बरं."

"याच्याकडे लिफ्ट आहे की," थोरली म्हणाली. "आणि खोल्या चार."

बागेतल्या बाकावर आई दोघांच्या मधोमध बसली होती. तिची इमारत पाडायला काढली होती आणि महिनाअखेर तिला खोली सोडायची होती. पोटची दोन मुलं मघापासून एकमेकांच्या घराची तारीफ करत होती, स्वतःच्या घराचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. आईने शर्टाच्या कारखान्यात चाळीस वर्षं कॉलर शिवल्या होत्या. माणूस कुठे अवघडलाय ते तिला मानेवरूनच कळे, आणि या दोघांच्याही माना ताठ होत्या.

सहा वाजून गेले तरी ऊन हटायला तयार नव्हतं. तेवढ्यात झाडांमागून पिवळं निशाण घेतलेली एक मुलगी आली आणि तिच्यामागून पन्नासेक माणसं. कुणाच्या काखेत चटई, कुणाच्या हातात उशी.

"पुढचा प्रवेश तळ्याजवळच्या बाकावर," मुलगी म्हणाली. "बसून घ्या. उंच मंडळी मागे."

सगळी माणसं गवतावर ऐसपैस बसली आणि या तिघांकडे बघू लागली. आईने मागे वळून पाहिलं. मागे तळं होतं आणि दोन बदकं. बदकं काही करत नव्हती. मग ही माणसं बघतायत तरी काय?

"अगं, हे काय चाललंय?" तिने थोरलीला विचारलं.

थोरलीला फाटकावरचा फलक आठवला. उन्हाळाभर बागेत नाटकं, सगळ्यांना मोफत, या झाडाखालून त्या झाडाखाली फिरत बघायची. तिने ते भावाच्या कानात सांगितलं. धाकटा तडक उठून उभा राहिला.

"अहो, तुमची चूक होतेय. आम्ही नाटकातले नाही. आमचं घरचं बोलणं चाललंय."

लोक खळखळून हसले. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. "किती सहज बोलतो नाही?" पहिल्या रांगेतली चष्मेवाली बाई शेजारणीला म्हणाली. निशाणवाली हातातला कागद उलटसुलट करून बघत होती. तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"आई, चल, ऊठ इथून," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

"गुडघे धरलेत रे. जरा थांब."

"मग ताई, तू एकदाचं सांग, म्हणजे निघू. आईला कधी नेतेस?"

"मी? मी कधी म्हटलं नेते म्हणून?"

"आवाज!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हातारीला कोण नेणार ते ऐकूच आलं नाही!"

"दोघंही नेत नाहीयेत," चष्मेवालीने मागे वळून सांगितलं. गवतावरून एक हळहळ इकडून तिकडे गेली.

धाकट्याचे कान लाल झाले. ऑफिसात आवाज चढवणारा हा गडी, पण पन्नास जणांनी असं रोखून बघितल्यावर त्याचं पाणी पाणी झालं. तो पुन्हा उभा राहिला आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई माझ्याकडे राहील. खिडकीजवळची खोली तिची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग थोरली तरी कशी गप्प बसणार? "तुझ्याकडे दिवसभर घरात असतं कोण?" ती म्हणाली. "आईला मीच नेणार. तिच्या हाताखाली माझी मुलं वाढली, आता तिचं करायला मी आहे." बोलताबोलता तिने रुमाल डोळ्यांना लावला. डोळे खरंच भरले होते की काय, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चष्मेवालीने चष्मा काढून डोळे पुसले. आई एकदा याच्या तोंडाकडे बघे, एकदा तिच्या. तिला आनंद झाला होता, अगदी पोटातून झाला होता. पण ही मुलं बोलत होती तिच्याबद्दल आणि बघत होती त्या माणसांकडे. हे सगळं आपल्याला सांगतायत की त्यांना? तिला काही उमगेना. दोघांच्या माना मात्र आता सैल झाल्या होत्या.

तळ्याच्या पलीकडून शिट्टी वाजली. तिकडच्या बाकावर रंगवलेल्या चेहऱ्यांची तीन माणसं उभी राहून जिवाच्या आकांताने हात हलवत होती. निशाणवालीने जीभ चावली.

"माफ करा, माफ करा! पलीकडचा बाक! चला, सगळे माझ्यामागून या!"

लोक गोंधळले, एकमेकांकडे बघू लागले, कपडे झटकत उठले. मग हे काय होतं, असं एकाने विचारलं. कुणालाच सांगता येईना.

धाकट्याने कपाळावरचा घाम पुसला आणि सुस्कारा सोडून बाकाला पाठ टेकली. "सुटलो बुवा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हं, तर ताई, आता शांतपणे बघू. आमची लिफ्ट तशी भरवशाची नाही..."

"माझ्याकडे परीक्षा आहेत पोरांच्या," थोरली घड्याळाकडे बघत म्हणाली.

आईने दोघांच्या खांद्यांवर एकेक हात ठेवला, जोर लावला आणि उभी राहिली. गुडघ्यांनी कुरकुरसुद्धा केली नाही. निघालेल्या माणसांच्या पाठींकडे बघत ती उभ्या आयुष्यात ओरडली नव्हती तेवढ्या मोठ्याने ओरडली.

"अहो, थांबा! बसून घ्या परत. अजून संपलेलं नाही!"

चष्मेवाली चटई गुंडाळत होती. तिने आईकडे बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं आणि चटई पुन्हा अंथरली.