तिसरी पाळी

लढाई पेटली, सरकारने तोफगोळ्यांची खरेदी दुप्पट केली आणि आमच्या कारखान्यात तिसरी पाळी सुरू झाली. वर्षभर घरी बसलेले आमचे हे त्याच पाळीत कामाला लागले. मी दिवसपाळीला गोळे तपासून पेटीत भरायचे. सांगायची लाज वाटते, पण फाटकाजवळच्या फळ्यावर नवी मागणी लिहिलेली दिसली की जिवाला बरं वाटायचं.

आज जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टीव्हीवर बातमी आली, लढाई थांबली. कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. मुकादम डब्याचं झाकण लावत म्हणाला, “चला, तिसरी पाळी गुंडाळली म्हणायची.”

घरी आले आणि भांडी आपटत बसले. तेवढ्यात धाकट्या दिराचा सीमेवरून फोन आला. आठ महिने त्याच्या आवाजासाठी जीव मुठीत धरून बसलेल्या सासूबाई धावत आल्या, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

“वहिनी, सुटलो एकदाचा. परवा घरी येतोय.”



“एवढ्यात?” माझ्या तोंडून निघून गेलं.